दोन ऋतूंची एक बंदूक

सिकॅमोर बेंड, मिसूरी
मार्चचा तिसरा रविवार, जेवणं उरकल्यावर

प्रिय हॉलिस भाऊजी यांस,

नेडीनवहिनीचा नमस्कार, आणि मेबलच्या दोन्ही कानांमागे माझ्या वतीने खाजवावे. (आधी तेवढं करा आणि मग पुढे वाचा. कुत्रीला ताटकळत ठेवून पत्र वाचणारा माणूस मला आवडत नाही.) तुमचा डावा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं मलम त्यालाच लावता, की बुटांना चोपडता? तिकडे अर्कान्सासच्या डोंगरात रानझाडांना फुलं आली का? इकडे आली आहेत, ओढ्याला पाणी बेताचं आहे, कोंबड्या अंडी देताहेत, आणि तुमचे दादा ठीक आहेत. 'ठीक' म्हणजे काय, ते पुढे येईलच.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. तर तुमच्या फोनला मी कंटाळले. मागच्या खेपेला मी विचारलं, भाऊजी, गुडघा डॉक्टरांना दाखवलात का? तुम्ही म्हणालात, हो वहिनी, यंदा मासे चांगले लागले. त्याच्या आधी मी विचारलं होतं, नाताळला येताय ना? त्यावर तुम्ही खदखदा हसलात. तुमच्या त्या डोंगरात कुठेतरी तार लोंबकळत असणार म्हणून मी इकडून तक्रारही केली. त्यांचा माणूस तुमच्याकडे येऊन गेला आणि मला कळवता झाला की तार ठणठणीत आहे, फोनही ठणठणीत आहे. मी त्याला इतकं फाडफाड बोलले की शेवटी बिचारा 'बरं बाई' म्हणाला. असो. कागदाला तार लागत नाही, म्हणून हे पत्र.

तर मला एक बंदूक घ्यायची आहे. छऱ्यांची, एक काडतूस उडालं की पुढचं आपलं आपण भरणारी, एप्रिलात टर्की पक्ष्याच्या शिकारीला चालेल आणि डिसेंबरात बदकांच्या, आणि जिच्यापायी गाय विकावी लागणार नाही अशी. पत्र खाली ठेवू नका, मी शुद्धीवर आहे. ऑगस्टमध्ये होडीच्या गाड्यावरून पडून यांच्या खांद्याची जी वाट लागली ती तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत, तुम्हीच उचलून इस्पितळात नेलंत. शस्त्रक्रिया झाली, आणि मामंजींची ती दांडा ओढायची जुनी बंदूक कपाटात गेली ती गेलीच. त्या बंदुकीचा धक्का म्हणजे खेचराची लाथ, धडधाकट माणसाचाही खांदा हिरवानिळा करते. यांनी सांगून टाकलं, आता माझं रान संपलं. बदकांचा सगळा मोसम हे आरामखुर्चीत पडून टीव्हीवर स्वयंपाकाचे कार्यक्रम बघत होते. तेही इतक्या मोठ्याने की, तिथल्या बाईने कढईत कांदा टाकला तर आमच्या कोंबड्या दचकाव्यात. आणि बघून गप्प बसले असते तर गोष्ट वेगळी. नाश्त्याच्या मऊ बिस्किटांवर मी ओतते त्या रश्श्यात मिरी 'थर लावून' घालायला हवी, हे मला तुमच्या दादांनी सांगितलं. ज्यांना आजवर मिरीची डबी कुठल्या फळीवर असते ते माहीत नव्हतं, त्यांनी!

तेही मी चालवून घेतलं. पण फेब्रुवारीत एक दिवस मी बाजारातून आले तर हे टॉवेलांच्या घड्या घालत बसले होते. तीन पदरी, कडा जुळवून. भाऊजी, मला भीती वाटली. आजारी माणूस कण्हतो, ओरडतो, ते मला झेपतं. न सांगता टॉवेलांच्या घड्या घालणारा डेल्मर स्टॅलिंग्ज मला झेपत नाही. (घड्या उत्तम होत्या, हे जाता जाता सांगते.) एप्रिलात टर्कीचा मोसम सुरू होईल, पहाटेच्या अंधारात तुम्ही दोघं थर्मास घेऊन जाल आणि सकाळ उलटून गेल्यावर चिखल घेऊन याल, असं आजवर कधी चुकलं नाही. यंदा हे गेले नाहीत तर पुन्हा कधीच जाणार नाहीत आणि त्या खुर्चीत हळूहळू मिटून जातील, हे मला टॉवेल बघून कळलं. म्हणून मी ठरवलं, यांना पत्ता न लागू देता अशी बंदूक आणायची की जी खांद्याला लागणार नाही. मग कुठल्या तोंडाने नाही म्हणतात ते बघू.

पहिली गेले पोटीटच्या दुकानात. पोटीट म्हणाला, "या नेडीनबाई, डेल्मरभाऊंना काय हवंय?" मी म्हटलं, त्यांना काही नकोय, ते घरी मिरीचा अभ्यास करताहेत, मला हवंय. त्या दुकानात कॉफीच्या किटलीभोवती चार-पाच पेन्शनर कायम बसलेले असतात. ते गिऱ्हाईक नव्हेत, ते फर्निचर आहे. पण मी तोंड उघडल्याबरोबर सगळं फर्निचर एकदम बोलायला लागलं. प्रत्येकाकडची बंदूक जगात एक नंबर, आणि शेजारच्याकडची होडीचं वल्हं म्हणून बरी. मी त्यांना म्हटलं, बाबांनो, आधी मला हे सांगा की ही आपलं आपण भरते म्हणजे कोण भरतं? आत कोण बसलंय? तर सगळं फर्निचर कॉफी ओतून घ्यायला लागलं. आयुष्यभर वापरताहेत, पण आत काय होतं ते एकालाही धड सांगता येईना. तुम्हाला माहीत आहे, मला एखादी गोष्ट कशी चालते ते कळेपर्यंत अन्न गोड लागत नाही. शिवणयंत्र मी दोनदा सुटं केलंय. (एकदा जुळलं.)

शेवटी पोटीटने दोन बंदुका खोलून माझ्यापुढे मांडल्या. तुम्हाला हे ठाऊक असेलही, पण मी आता शिकले आहे तेव्हा सांगितल्याशिवाय राहवणार नाही. एका जातीची बंदूक काडतुसातला वायू नळीतून बाहेर पडता पडता त्यातला थोडा चोरून घेते आणि त्या वायूच्या रेट्याने आतला बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा लोखंडी दट्ट्या, मागे ढकलते. रिकामं टरफल बाहेर, नवं काडतूस आत. चोरीत धक्क्याचा जोर खर्ची पडतो, म्हणून खांद्याला ती मऊ. पण आत काजळी धरते, आणि बदकांच्या चिखलात लोळवून तशीच ठेवली तर रुसून बसते. दुसरी जात वायूला हात लावत नाही. ती धक्क्यावरच चालते, म्हणजे बंदूक मागे उसळते तेव्हा आतली स्प्रिंग आवळली जाते आणि ती सुटताना सगळं काम करते. ही हलकी, स्वच्छ, चिखलाला न भिणारी. पण धक्का बराचसा तुमच्याच खांद्यावर. आणि आणखी एक खोड: रानात आवाज नको म्हणून तिचा बोल्ट हळूच पुढे सोडला, तर तो कधीकधी पुरता बसत नाही. मग टर्की समोर येऊन उभा राहतो, तुम्ही घोडा दाबता, आणि नुसतं 'टिक्'. हे ऐकून किटलीजवळचा एक म्हातारा कॉफीच्या कपात बघत राहिला. त्याचं तसं झालं असावं.

मग निघाला रंगाचा प्रश्न. बदकांच्या बंदुकीवर लव्हाळ्याची चित्रं असतात आणि टर्कीच्या बंदुकीवर ओकच्या पानांची. मला घ्यायची एकच. मी सहज विचारलं, ओकच्या रानात लव्हाळं घेऊन बसले तर टर्कीला संशय येईल का? त्याची नजर एवढी तीक्ष्ण म्हणतात, मग त्याला वाटणार नाही का, की पाणी नाही आणि लव्हाळं कुठून आलं? भाऊजी, त्या दुकानात यावरून जी जुंपली ती मी निघाले तेव्हाही चालूच होती. एक म्हणे टर्कीला वनस्पतिशास्त्र येत नाही. दुसरा म्हणे, तुला येत नाही म्हणून त्याला येत नाही असं नव्हे. मी पोटीटला विचारलं, साधी काळी आहे का? तो म्हणाला, आहे की, स्वस्तही आहे. मग इतका वेळ काय दाखवत होतास रे, असं मी मनात म्हटलं.

पण कपडासुद्धा मी पाण्यात घालून बघितल्याशिवाय घेत नाही, तर बंदूक कशी घेऊ? तेव्हा मी तीन बंदुका उसन्या आणल्या. एक माझी मैत्रीण वांडा, तिच्या जावयाची, तुर्कस्तानात बनलेली, वायूवाली आणि आपल्या आवाक्यातली. एक पोटीटने परत आणायच्या बोलीवर दिलेली, धक्क्यावर चालणारी, लव्हाळ्याची. आणि एक किटलीवरच्या म्हाताऱ्याची. त्याने ती मला दिली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, कोणाला सांगू नका, पण माझी खरंच एक नंबर नाहीये." त्या घेऊन वांडाच्या शेतावर गेले. टर्कीला डोक्यात आणि मानेत मारतात, म्हणून छरे कितपत एकवटून जातात ते कागदावर बघायचं असतं. मोठा कागद हवा, तो वांडाने चर्चच्या भटारखान्यातून आणला. पंगतीला टेबलांवर अंथरतो ना, तो पांढऱ्या कागदाचा गुंडाळा. मी त्यावर टर्कीची डोकी काढली. चित्रकलेत मी बेताची. पहिलं डोकं आमच्या चर्चचे पाद्री ब्रदर लॉनी यांच्यासारखं झालं, आणि पुढची सगळी त्यावरून काढल्यामुळे तीही तशीच. नळीच्या तोंडाशी छरे एकवटणारी आवळ नळी बसवून मी बार टाकायचे, जवळ जाऊन भोकं बघायचे आणि कागदावर शेरा लिहायचे. वायूवालीचा धक्का खरंच कमी. दुसरीने मला मागच्या गवतात बसवलं. वांडा हसून हसून तिथेच खाली बसली, त्यामुळे ते फारसं वेगळं दिसलं नाही.

आता पुढचं तुमच्या कानावर कोणी ना कोणी घालणारच, म्हणून मीच सांगते. मोसमाआधी चर्चमध्ये शिकारीच्या मांसाची पंगत असते, तुम्हाला ती हरणाच्या मांसाची उसळ आवडते तीच. उरलेला कागद वाया जायला नको म्हणून मी वापरलेला कागदही परत त्याच गुंडाळ्यात आत गुंडाळून ठेवला होता. (फेकायचं काही नाही, हा आपल्या घराण्याचा रोग, मला सासरहून लागला.) पंगतीच्या दिवशी दुसऱ्याच बायकांनी टेबलं मांडली आणि वरून भराभर वाट्या, ताटल्या, सुरया ठेवल्या. ब्रदर लॉनींनी डोळे मिटून प्रार्थना सांगितली, डोळे उघडले, रश्श्याचं पातेलं बाजूला सरकवलं, तर खाली त्यांचंच नाक. चेहऱ्याची चाळण झालेली, आणि शेजारी माझ्या अक्षरात: 'डोक्यात भरपूर. मानेत आणखी हवेत.' मग एकेकाच्या लक्षात यायला लागलं की कडेला लोंबणाऱ्या कागदातून रस्सा मांडीवर का ठिबकतोय. ब्रदर लॉनी सज्जन माणूस, ते एवढंच म्हणाले, "नेडीनताई, माझ्या प्रवचनाबद्दल काही म्हणायचं असेल तर आधी मला भेटायचंत." यांनी कागद निरखून पाहिला आणि म्हणाले, "अक्षर तुझं आहे." मी म्हटलं, वांडाच्या जावयासाठी करत होते. हे म्हणाले, "हं." आमच्याकडे हल्ली सगळ्याला 'हं'च येतं. संसार मुरला की नवरे 'हं'वर येतात, त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

आता मी तुम्हाला जे सांगणार आहे त्याच्यासाठी एक गोष्ट आठवा. आमचं लग्न. एप्रिलात होतं. (एप्रिल कोणी ठरवला? मी. तेव्हा मला स्टॅलिंग्ज लोकांची माहिती नव्हती.) खिडक्या उघड्या होत्या, पाद्रीबाबांनी यांना विचारलं की या मुलीचा स्वीकार करतोस का, आणि नेमका त्याच क्षणी टेकडीवर टर्की आरवला. दूर, इतका दूर की मला तो ऐकूही आला नव्हता. यांनी मान खिडकीकडे वळवली. शेजारी करवला म्हणून तुम्ही उभे, तुम्हीही वळवली. सगळं चर्च थांबलं. आवाज कोणत्या कड्यावरून आला ते दोघांचं ठरलं, तुम्ही मान हलवलीत, आणि मग हे माझ्याकडे वळून 'हो' म्हणाले. माझी आई रडत होती ते आनंदाने नव्हे. पण मी कधी रागावले नाही, खरं सांगते. इतक्या लांबचं ऐकणारा माणूस आपलंही ऐकेल, असं मला त्या वयात वाटलं होतं.

तर त्या तीन बंदुका मी आमच्या गोठ्यात घोड्याच्या घोंगडीखाली लपवल्या होत्या. दहा-एक दिवसांपूर्वी सकाळी दार लावून घेऊन बघत होते की बोल्ट कोणाचा किती वाजतो. रिकाम्याच बंदुका, काळजी नसावी, दोनदा बघितलं होतं. लव्हाळ्यावालीचा बोल्ट मागे ओढून सोडला, 'खटाक्', आणि लगेच ओढ्यापलीकडून टर्कीचा नर आरवला. पुन्हा सोडला, पुन्हा आरवला. मला काय गंमत वाटली म्हणून सांगू! वसंतात नर इतका पेटलेला असतो की कुठलाही दणका ऐकला तरी उत्तर देतो, हे तुम्ही दोघांनी जेवताना शंभर वेळा सांगितलेलं, पण ऐकणं वेगळं आणि स्वतः करून बघणं वेगळं. मी बादली आपटली, तो बोलला. मी शिंकले, तो बोलला. मग मला सुचलं की रानात जाऊन ज्याला फसवायचं त्यालाच का विचारू नये? म्हाताऱ्याच्या बंदुकीला त्याने दरवेळी उत्तर दिलं. लव्हाळ्यावालीचा बोल्ट हळू सोडला तर तो अर्ध्यात अडकला. वांडाच्या जावयाची वायूवाली घेतली, बोल्ट हाताने धरून अलगद पुढे नेला, तो नीट पुरता बसला, आणि ओढ्यापलीकडे चिडीचूप. टर्कीची पसंती घेऊन बंदूक निवडणारी मी पहिलीच असेन. मी स्वतःवर इतकी खूश झाले की पायांत बळच आलं.

मग एकदम आठवलं की हे ओसरीवर अक्रोडासारखे ते पेकन फोडत बसले आहेत. इतका खटखटाट झाला, यांनी ऐकला असणार, आता माझी चोरी उघडी पडली. मी दाराच्या फटीतून पाहिलं. तेवढ्यात तो नर ओढा ओलांडून अलीकडे आलेला, कुंपणापाशी पिसारा फुलवून उभा, आणि आरवला तो असा की कोंबड्या पाय उचलून थांबल्या. हे पेकन फोडत होते. मला आधी हसू आलं, म्हटलं सोंग करताहेत, मला पकडायचंय. मी दार सताड उघडलं आणि बोल्ट मुद्दाम जोरात सोडला. तो पुन्हा आरवला. यांनी पेकन फोडला, कवच बादलीत टाकलं, मग हात थांबवून डोकं जरा कलतं केलं, ओढ्याच्या दिशेने, जसं ते वसंतात नेहमी करतात. कोणी यायचं असलं की आपण जसं थांबतो तसे थांबले. आणि नंतर पुन्हा पेकन घेतला. भाऊजी, तो त्या वेळी आरवत होता. तो आरवत होता आणि हे वाट बघत होते.

मी घोंगडीत तोंड खुपसून रडले. घोंगडीला बंदुकीच्या तेलाचा वास होता, म्हणून शिंका आल्या, आणि त्या हरामखोराने शिंकांनाही उत्तरं दिली.

मग एकेक गोष्ट जुळायला लागली. टीव्हीवरचा तो कांदा. 'हं'. शिवाय बाजारात मला यांच्या खांद्याची कसरत करून घेणारी बाई भेटली, ती म्हणाली, खांदा तर केव्हाच बरा झाला, ते आता खुशाल पोती उचलतील. आणि गेल्या वर्षीचा एप्रिल आठवा. तुम्ही दोघं रोज हात हलवत परत यायचात आणि म्हणायचात, यंदा पक्षी मुके झालेत. मी इकडे परसात कपडे वाळत घालताना तीन-चार वेगवेगळे आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, काय बाई नवल, रानातले मुके आणि परसातले वाचाळ! तेव्हा मला हा विनोद वाटला होता. म्हणजे खांदा हा बहाणा आहे. ज्या माणसाने भर लग्नात कुठल्या कड्यावर पक्षी आहे ते ओळखलं, तो 'मला ऐकू येत नाही' असं म्हणणार नाही, त्यापेक्षा टॉवेलांच्या घड्या घालेल. कानात घालायच्या यंत्राचं नाव मी सहज काढून बघितलं, तर उठून बाहेर निघून गेले. बंदूक कितीही मऊ आणली तरी तिने कान कसे परत येणार?

तर असा पेच आहे. तुम्ही अनुभवी, तेव्हा वायूवाली घ्यावी की धक्क्यावाली, काळी घ्यावी की पानांची, याबद्दल तुमचं मत सवडीने कळवा. मी ते मानेनच असं नाही, पण विचारलं पाहिजे. मेबलला पुन्हा एकदा खाजवा. गुडघा जपा.

तुमची वहिनी,
नेडीन

ता. क. मत कळवायची तसदी घेऊ नका. मी मंगळवारीच घेतली. वांडाच्या जावयाकडे आहे तशीच, वायूवाली, काळी. पोटीटने बरीच कमी केली, त्या बदल्यात ब्रदर लॉनींचा कागद त्याच्या दुकानात टांगायला देण्याचं ठरलं आहे. दस्ता माझ्या मापाचा करून घेतला. यांच्या नाही, माझ्या. माझ्या वयाच्या माणसांना शिकारीचा अभ्यासवर्ग सक्तीचा नाही, आम्ही जन्मतःच शिकून आलो असं सरकारला वाटतं, आणि मी सरकारचा गैरसमज दूर करणार नाही. (तरी वांडाच्या जावयाकडून सगळं नीट शिकून घेतलं आहे, घाबरू नका.)

आणखी एक ता. क. ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते आता लिहिते. मोसम उघडायच्या आधी इकडे या आणि बहिरे व्हा. जेवायला बसलं की सगळ्यांसमक्ष सांगा, दादा, माझे कान गेले, मला आता पक्षी ऐकू येत नाही, ऐकायला कोणीतरी बरोबर हवं. यांना स्वतःची लाज आहे, तुमची नाही. मी लगेच म्हणेन, मी येते की. म्हणजे हे टर्कीला साद घालतील (टर्कीचा आवाज काढायची ती तोंडातली पट्टी यांच्याकडे अजून जिवंत होते, तिला कान लागत नाहीत), मी ऐकेन आणि दोघांना सांगेन, आणि यांची मान खाली जाणार नाही. खोटं बोलावं लागेल, पण ब्लॅक नदीतला तो मासा आठवा, ज्याला तुम्ही दरवर्षी वीतभर वाढवता. तुम्हाला जड जाणार नाही.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवायचं होतं, पण मागे वळून बघते तर हे उभे. (ऐकू न येणारा माणूस पाऊल किती हलकं टाकतो!) पत्राचा शेवट वाचून झाला होता. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. हे खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हॉलिसला बहिरा हो म्हणून कशाला सांगतेस? तो कितीतरी वर्षं बहिराच आहे." मी पाकीट खाली ठेवलं. हे म्हणाले, "पक्षी बोलला की मी हॉलिसच्या गुडघ्यावर थाप मारायचो. एकदा म्हणजे लांब, दोनदा म्हणजे जवळ. मग गेल्या वर्षी मलाच ऐकू येईना. तो सबंध सकाळ माझ्या हाताकडे बघत बसायचा. मी काय मारू थाप? त्याला परत तसं नेऊन बसवायचं, यापेक्षा खांदा दुखलेला बरा." म्हणजे हे तुमच्यासाठी घरी बसले होते, भाऊजी. आणि तुम्ही फोनवर 'हो वहिनी, हो वहिनी' करत माझी अब्रू घालवलीत! त्या तारवाल्या माणसाची मी आता कशी माफी मागू?

मग मी यांना गोठ्यात नेलं. यांनी नवी बंदूक हातात घेतली, रिकामी आहे ना ते बघितलं, खांद्याला लावली, दस्ता आखूड आहे म्हणून माझ्याकडे तिरकं पाहिलं, आणि बोल्ट सोडला. ओढ्यापलीकडे तो आरवला. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी यांच्या गुडघ्यावर एक थाप मारली. यांनी मान वळवली ती बरोबर त्या कड्याकडे, लग्नात वळवली होती तशीच.

तेव्हा खोटं बोलू नका, नुसते या. झाडाला टेकून मी मधोमध बसेन, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला तुम्ही, म्हणजे दोन्ही गुडघे माझ्या हाताशी राहतील. येताना तो बरा असलेला उजवा गुडघा माझ्याकडे येईल असे बसायच्या तयारीने या. आणि माझे दोन्ही हात तुमच्या गुडघ्यांवर असताना माझ्या मापाची बंदूक धरायची कोणी, ते तेवढं तुम्ही दोघं भाऊ मिळून ठरवा.